बोर्डवर डायोड दिसतोय म्हणून उलटी बॅटरी चालेल असं नाही

आर्डुइनो उनो या प्रोजेक्टसाठीच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर उलट्या पोलॅरिटीचं प्रोटेक्शन असतं, म्हणजे सप्लायचं प्लस-मायनस उलटं जोडलं तरी बोर्ड जळत नाही, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, आणि ते खोटं नाहीये, फक्त ते बोर्डवरच्या एकाच सॉकेटपुरतं आहे आणि प्रोजेक्टमध्ये नेमकं तेच सॉकेट आपण सगळ्यात कमी वापरतो. काळ्या गोल डीसी जॅकच्या मागे एक डायोड आहे, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, उनो आर३ वर त्याच्या पाठीवर एम७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आपला नेहमीचा १एन४००७च, फक्त एसएमडी, म्हणजे बोर्डच्या वरच सोल्डर केलेला छोटा. अडॅप्टरचं प्लस-मायनस उलटं असलं तर तो डायोड करंट जाऊच देत नाही, बोर्डवरचा एकही एलईडी पेटत नाही, योग्य अडॅप्टर लावला की बोर्ड चालू. इथपर्यंत मस्त. पण व्हीआयएन नावाची बाहेरून सप्लाय द्यायची जी पिन आहे ती या डायोडच्या पलीकडे आहे, म्हणजे आधी जॅक, मग डायोड, मग व्हीआयएन, मग व्होल्टेज ५ वर आणणारा रेग्युलेटर अशी ओळ आहे, त्यामुळे व्हीआयएनला जंपर लावून बॅटरी जोडलीत तर मध्ये डायोड येतच नाही. आणि ५ व्होल्टची पिन तर रेग्युलेटरच्याही पलीकडे, तिथे दिलेला सप्लाय थेट चिपला जातो, काही अडवणारं नाहीच.

नॅनो, ईएसपी३२ डेव्हकिट, रास्पबेरी पाय पिको यांची गोष्ट अजून मजेदार आहे. यांच्यावर डीसी जॅकच नाही, पण यूएसबी सॉकेटजवळ एक छोटा डायोड दिसतो आणि लोक समजतात की हाच तो प्रोटेक्शनवाला. तो तुमच्या बोर्डसाठी नाहीये, तो तुमच्या लॅपटॉपसाठी आहे. तुम्ही बाहेरून बॅटरी जोडली आणि त्याच वेळी यूएसबी केबलही लावलेली असली तर बॅटरीचा करंट उलटा लॅपटॉपच्या पोर्टमध्ये घुसू नये म्हणून तो टाकलेला असतो. पिकोवर तो व्हीबस (यूएसबीचे ५ व्होल्ट) आणि व्हीसिस (बोर्डचा सप्लाय) या दोन पिनांच्या मध्ये आहे. आता व्हीसिसला बॅटरी उलटी जोडली तर काय होईल बघा, व्हीसिस झाली ग्राउंडपेक्षा खाली, म्हणजे डायोडला तर ती सुलट दिशाच झाली, तो बिनधास्त चालू होतो आणि यूएसबी लावलेली असेल तर लॅपटॉपचाही करंट त्या भानगडीत ओढतो. म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवला तोच हातभार लावतो.

म्हणून कुठलाही बोर्ड हातात आला की पहिला प्रश्न "प्रोटेक्शन आहे का" हा विचारू नका, "कुठल्या पिनवर आहे" हा विचारा. दहातल्या नऊ वेळा उत्तर येतं की मी जिथे वायर लावणार आहे तिथे नाहीये.

आता उलटं जोडल्यावर चिप नेमकी मरते कशी, हे एकदा समजून घेतलं की पुढचे उपाय आपोआप कळतात. उनोवरच्या एटीमेगा३२८पी सारख्या चिपचा खालचा सिलिकॉनचा थर पी टाइपचा असतो आणि तो ग्राउंडला जोडलेला असतो, त्यात जागोजागी एन टाइपचे भाग असतात जे व्हीसीसीला, म्हणजे चिपच्या प्लस सप्लायला, जोडलेले असतात. पी आणि एन एकत्र आले म्हणजे डायोड, मुद्दाम बनवला नाही तरी. तर ग्राउंडपासून व्हीसीसीकडे तोंड केलेला एक भलामोठा डायोड प्रत्येक चिपमध्ये आपोआप असतोच, शिवाय प्रत्येक पिनवर स्टॅटिक विजेपासून वाचवायला टाकलेले दोन-दोन छोटे डायोड वेगळे. सप्लाय सुलट असताना हे सगळे बंद असतात, कोणाला कळतही नाही ते आहेत. सप्लाय उलटा केला की ०.७ व्होल्टच्या आसपास हे सगळे एकदम चालू होतात आणि मग चिप म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किट. किती करंट जाणार हे चिप ठरवत नाही, तुमचा सप्लाय ठरवतो. चिप तापते, आतल्या केसासारख्या बारीक तारा वितळतात किंवा सिलिकॉनच जळतं. डेटाशीटमध्ये एटीमेगा३२८पीच्या पिनला ग्राउंडच्या खाली ०.५ व्होल्टपर्यंतचीच मुभा दिलीय ती याचमुळे, आणि व्हीसीसी-ग्राउंड पिनमधून २०० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा आहे.

यातच एका जुन्या वादाचं उत्तर आहे. एक जण म्हणतो मी उलटं लावलं होतं, काही झालं नाही, दुसरा म्हणतो माझा लावताक्षणी गेला, धूर निघाला. दोघंही खरं बोलतायत. बटण सेलचा आतला रेझिस्टन्सच इतका असतो की तो चिप जाळण्याइतका करंट देऊच शकत नाही. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मधल्यामध्ये, ती एखाद-दोन अँपिअर देऊ शकते, लगेच काढली तर वाचायचा चान्स असतो. करंट लिमिट लावलेला बेंच सप्लाय असेल तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण १८६५० हा लिथियम सेल असेल तर त्याचा आतला रेझिस्टन्स काही दहा मिलिओहम, शॉर्ट झाला की दहा-वीस अँपिअर सहज, आणि यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरवाली लेड अॅसिड बॅटरी असेल तर शंभरच्या पुढे, तिथे चिपचं सोडा, वायरचं इन्सुलेशन वितळतं. म्हणून "माझं वाचलं होतं" या अनुभवावर दुसऱ्याला सल्ला देऊ नये, सप्लाय कुठला होता ते आधी विचारावं. आणि वाचलेली चिप पूर्ण धडधाकट असेलच असंही नाही, कधीकधी ती चालते पण स्लीप मोडमध्ये जास्त करंट खात बसते किंवा एखादी पिन वेड्यासारखी वागते.

चिपशिवाय बाकीचे पार्टही असतात. उनोवर दोन ४७ मायक्रोफॅरडचे अॅल्युमिनियमचे गोल कॅपॅसिटर आहेत, त्यातला एक व्हीआयएनवरच आहे. उलटा व्होल्टेज बसला की त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर खराब होतो, गॅस तयार होतो आणि वरची टोपी फुगते. टँटलमवाले पिवळे कॅपॅसिटर तर सरळ पेट घेतात. एखाद्या मॉड्यूलवर पिवळा किंवा काळा चपटा कॅपॅसिटर दिसला आणि त्यावर पट्टी असली तर तिथे जास्त जपून.

उलटं होतं कुठे हे पण बघू, कारण मुद्दाम कोणी उलटं लावत नाही. अडॅप्टरचंच घ्या, उनोला मधली पिन प्लस असलेला जॅक लागतो आणि बहुतेक अडॅप्टर तसेच असतात, पण गिटारच्या इफेक्ट पेडलचे ९ व्होल्टचे अडॅप्टर नेमके उलटे असतात, मधली पिन मायनस, आणि जॅकचा साइज सारखाच, त्यामुळे घरात कोणी गिटार वाजवत असेल तर तो अडॅप्टर कधी ना कधी तुमच्या टेबलावर येणारच. अडॅप्टरच्या पाठीवर गोलात ठिपका असलेलं चित्र असतं ते बघायची सवय लावा. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला छोटा पांढरा दोन पिनी जेएसटी कनेक्टर असतो, तो उलटा बसतच नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्यात लाल वायर डावीकडे का उजवीकडे याचं सगळ्यांनी पाळलेलं काही स्टँडर्ड नाहीये, एका विक्रेत्याची बॅटरी दुसऱ्याच्या बोर्डवर अगदी घट्ट आणि अगदी उलटी बसते. ०.९६ इंची ओलेड डिस्प्ले एकसारखे दिसणारे दोन प्रकारचे मिळतात, एकाच्या पिना ग्राउंडपासून सुरू होतात, दुसऱ्याच्या व्हीसीसीपासून, त्यामुळे जुना काढून नवा लावला आणि वायरी तशाच ठेवल्या की संपलं. ब्रेडबोर्डच्या टोकाला खोचायचा तो एमबी१०२ वाला पॉवर सप्लाय घ्या, त्याच्या खुणा आणि ब्रेडबोर्डच्या लाल-निळ्या रेषा जुळल्या नाहीत तर पूर्ण ब्रेडबोर्डवरच सगळं उलटं. सीएनसी शील्डवर ए४९८८ हा स्टेपर मोटर चालवणारा छोटा ड्रायव्हर बोर्ड फिरवून लावणाऱ्यांची तर गणतीच नाही.

आता उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे प्लसच्या वायरमध्ये सिरीजमध्ये एक डायोड. बोअरच्या पाइपला एनआरव्ही बसवतो ना, पाणी वर जाईल पण परत खाली येणार नाही, तसंच हे. १एन४००७ रुपया-दोन रुपयाला मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत गेलात तर मूठभर घेऊन या, एक अँपिअरपर्यंत चालतो आणि उलटे १००० व्होल्ट सहन करतो जे आपल्याला कधीच लागणार नाहीत. अडचण एकच, तो फुकटात काम करत नाही, स्वतःवर ०.७ ते १ व्होल्ट ठेवून घेतो, करंट वाढला की अजून थोडा जास्त. १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर काय फरक पडतो, बारातले अकरा-सव्वाअकरा उरले, पुढे रेग्युलेटर आहेच. उनोच्या जॅकला ७ ते १२ व्होल्ट द्या असं सांगतात त्यात या डायोडचा हिशोब धरलेलाच आहे.

पण हाच डायोड ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर लावला की पुढे ४.२ वगैरे उरतात. एटीमेगा १६ मेगाहर्ट्झवर एवढ्यात चालेल, तिची तक्रार नाही. तक्रार येते दुसरीकडून. ५ व्होल्टचा रिले नीट ओढत नाही, आणि त्याहून फसवं म्हणजे अॅनालॉग रीडिंग बदलतात, कारण आर्डुइनो डिफॉल्टला व्हीसीसीलाच रेफरन्स धरतो आणि आता तुमचा व्हीसीसी डायोडच्या मर्जीवर आहे, सर्वो फिरला की करंट वाढला, डायोडवरचा ड्रॉप वाढला, व्हीसीसी खाली आला, सेन्सरचं रीडिंग वर गेलं. माणूस दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

मग लोक शॉटकी डायोडकडे जातात, १एन५८१९ किंवा एसएमडीत एसएस१४, त्यावर कमी करंटला ०.३-०.४ व्होल्ट पडतात आणि एक अँपिअरला ०.६ पर्यंत. बरा आहे, ५ व्होल्टच्या कामाला बहुतेक वेळा पुरतो. तापल्यावर तो थोडा उलटा गळतो, पण आपल्या कामात तेवढ्याने काही बिघडत नाही, तो विषय सोडून देऊ.

खरी पंचाईत लिथियम सेलवर होते. १८६५० पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, बराचसा वेळ ३.७ च्या आसपास, आणि ईएसपी३२ ला हवेत ३.३ व्होल्ट, ३.० च्या खाली तो काम करायची हमी देत नाही. या दोघांच्या मध्ये जागाच किती आहे? त्यात शॉटकीने ०.४ घेतले, आणि डेव्हकिटवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःला एक व्होल्टच्या वर मागतो, म्हणजे ३.७ मधून ०.४ गेले, मग १.१ गेले, उरले २.२. वाय-फाय सुरू होताना ईएसपी३२ एकदम २०० मिलिअँपिअरच्या वर करंट ओढतो आणि तिथेच ब्राउनआउट लागून, म्हणजे व्होल्टेज कमी पडून, रीसेट, परत सुरू, परत रीसेट. खरं तर डायोड काढला तरी एएमएस१११७ या सेलवर नीट चालत नाही, त्यासाठी कमी ड्रॉपवाला रेग्युलेटरच हवा, पण तो चांगला रेग्युलेटर लावूनही पुढे डायोड ठेवलात तर सेलमधली बरीच ताकद वापरलीच जात नाही.

इथे पी चॅनल मॉसफेट लागतो, म्हणजे गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधला रस्ता उघडणारा-बंद करणारा स्विच, आणि माझ्या मते बॅटरीवरच्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पहिला विचार याचाच करावा, डायोडचा नाही. जोडणी ऐकायला विचित्र वाटते. बॅटरीचा प्लस मॉसफेटच्या ड्रेनला, बोर्डचा प्लस सोर्सला, आणि गेट एका रेझिस्टरमधून ग्राउंडला. वाचणारा म्हणतो चुकलंय, पी चॅनलमध्ये सोर्स प्लसकडे असतो असं कॉलेजात शिकवलंय. शिकवलंय ते बरोबरच, पण ते मॉसफेट स्विच म्हणून वापरताना. इथे मुद्दाम उलटा लावायचा असतो, आणि त्याचं कारण आतला बॉडी डायोड आहे.

प्रत्येक मॉसफेटमध्ये ड्रेन-सोर्सच्या मध्ये एक डायोड आपोआप तयार झालेला असतो, पी चॅनलमध्ये त्याचं तोंड ड्रेनकडून सोर्सकडे. बॅटरी सुलट लावली की आधी करंट याच बॉडी डायोडमधून जातो, म्हणजे सोर्सवर बॅटरीपेक्षा ०.७ व्होल्ट कमी आले. पण गेट तर ग्राउंडला आहे, म्हणजे गेट आता सोर्सपेक्षा तीन-साडेतीन व्होल्ट खाली आहे, आणि पी चॅनलला चालू व्हायला नेमकं हेच लागतं. तो चालू होतो, चॅनल उघडतो, आणि करंट डायोड सोडून चॅनलमधून जायला लागतो कारण तिथे अडथळाच जवळजवळ नाही. आता बॅटरी उलटी लावा. जो ग्राउंड होता तिथे प्लस आला, म्हणजे गेटवर प्लस, मॉसफेट बंद. बॉडी डायोडही उलट्या दिशेला, तोही बंद. बोर्डला काहीच पोचत नाही. वेगळी चिप नको, कोड नको.

फायदा आकड्यात बघा. एओ३४०१ नावाचा छोटासा मॉसफेट आहे, ३० व्होल्ट ४ अँपिअरचा, गेटला साडेचार व्होल्ट मिळाले तर त्याचा रेझिस्टन्स ६० मिलिओहमच्या आसपास. अर्धा अँपिअर करंटला त्यावर पडतात ३० मिलिव्होल्ट, म्हणजे ०.०३. तिथे १एन४००७ ने ०.८ तरी खाल्ले असते आणि जवळपास ०.४ वॅट उष्णता काढली असती, इथे १५ मिलिवॅट, हाताला कळणारही नाही. किंमतही काही रुपयांतच.

यात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ड्रेन आणि सोर्सची अदलाबदल, आणि ती वाईट यासाठी की ती पकडताच येत नाही. सोर्स बॅटरीकडे लावला तरी सुलट बॅटरीवर सगळं व्यवस्थित चालतं, बोर्ड चालू, व्होल्टेज बरोबर, तुम्ही खूश. पण बॉडी डायोडचं तोंड आता उलटं झालंय, त्यामुळे बॅटरी उलटी लावली की करंट बोर्डमधून येऊन त्या डायोडमधून आरामात निघून जातो. म्हणजे प्रोटेक्शन लावलंय पण आहे शून्य. एओ३४०१ तीन पायांचा एसओटी-२३ पॅकेजमध्ये येतो, एका बाजूला एकटा असलेला पाय तो ड्रेन, दोन पायांच्या बाजूला १ नंबरचा गेट आणि २ नंबरचा सोर्स. एकटा पाय बॅटरीकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पार्ट निवडताना अजून दोन गोष्टी बघायच्या. पहिली, गेट किती व्होल्टला नीट उघडतो. दुकानात पी चॅनल मॉसफेट मागितला की हातात आयआरएफ९५४० देतात, मोठा, दणकट, पाय लांब, सोल्डर करायला सोपा, पण त्याला नीट उघडायला १० व्होल्ट लागतात, १२ व्होल्टच्या बॅटरीवर छान आहे, ३.७ च्या सेलवर तो धड उघडणारच नाही आणि तुम्हाला वाटेल सर्किटच चुकलं. कमी व्होल्टेजला लॉजिक लेव्हलवालाच घ्या, एओ३४०१ किंवा एसआय२३०१. दुसरी गोष्ट नेमकी उलट, गेट-सोर्समध्ये जास्तीत जास्त किती व्होल्ट चालतात. एओ३४०१ ला १२ आणि एसआय२३०१ ला तर ८ च. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते, सोलर पॅनेल लावलं असेल तर रोजच दुपारी जाते, तिथे गेट फुटतो. मग गेट आणि सोर्सच्या मध्ये एक १० व्होल्टचा झेनर डायोड टाकायचा, जो व्होल्टेज १० च्या वर जाऊ देत नाही, १एन४७४०ए चालेल, पट्टीवाली बाजू सोर्सकडे, आणि गेटचा रेझिस्टर १० के (१० हजार ओहम) ते १०० के मधला काहीही. ५ व्होल्ट आणि त्याखाली झेनर लागत नाही.

हा मॉसफेट काय करत नाही तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक त्याला सर्वगुणसंपन्न समजतात. एकदा चालू झाला की तो दोन्ही दिशांना चालू असतो. म्हणजे बॅटरीही लावलीय आणि यूएसबीही लावलीय, तर यूएसबीचा करंट मॉसफेटमधून उलटा बॅटरीत जाऊ शकतो, आणि लिथियम सेलमध्ये चार्जिंग सर्किटशिवाय असा करंट घुसवणं धोक्याचं आहे. दोन सप्लाय एकत्र आणायचे असतील तर तिथे डायोडच लागतो किंवा त्या कामासाठीचं वेगळं सर्किट, पिकोच्या डेटाशीटमध्ये यूएसबीसोबत बॅटरी कशी जोडायची ते छान दिलंय, साधा उपाय शॉटकीचा आणि जरा बरा उपाय पी चॅनल मॉसफेटचा, तिथे मॉसफेटचा गेट ग्राउंडला नाही तर व्हीबसला जोडलाय, म्हणजे यूएसबी आली की बॅटरीचा रस्ता बंद. अजून एक बारकावा असा की बोर्डवर मोठा कॅपॅसिटर असेल आणि तुम्ही सुलट बॅटरी काढून पटकन उलटी खोचली तर कॅपॅसिटरमधल्या चार्जमुळे मॉसफेट क्षणभर चालूच असतो आणि तेवढ्यात उलटा झटका आत जातो. बॅटरी बदलताना चार-पाच सेकंद थांबा, बस.

लेड अॅसिड बॅटरीवर मात्र माझा आग्रह फ्यूजचाच राहील. शेतावर ठिबकचे व्हॉल्व्ह चालवायला १२ व्होल्टची बॅटरी, सोलर पॅनेल आणि ईएसपी३२ असा सेटअप आता बरेच जण करतात, तिथे मॉसफेट असो नसो, बॅटरीच्या प्लसला अगदी चिकटून एक-दोन अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण उलटं लावण्याचं सोडा, उंदराने वायर कुरतडून शॉर्ट झालं तरी आग लागू शकते. याच फ्यूजच्या पुढे प्लस-मायनसच्या मध्ये एक दणकट डायोड उलटा टाकून ठेवा, १एन५४०८ सारखा, नेहमी तो बंद असतो, बॅटरी उलटी लागली की तो शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. सिरीजमध्ये काही नाही म्हणून व्होल्टेज अजिबात कमी होत नाही, तोटा म्हणजे प्रत्येक चुकीला एक फ्यूज. फ्यूज बदलायचा कंटाळा म्हणून लोक तिथे पॉलिफ्यूज टाकतात, जो थंड झाला की परत चालू होतो, पण तो सावकाश उडतो, तोपर्यंत सगळा मार तो डायोड खातो, आणि गरम हवेत त्याची क्षमता घटते. मे महिन्यात चंद्रपूरकडे पत्र्याच्या पेटीत तो काही चूक नसताना उडायला लागला तर नवल नाही.

ब्रिज रेक्टिफायर लावला तर कसंही जोडा, चालतं, पण दोन डायोडचा ड्रॉप जातो आणि बोर्डचा ग्राउंड बॅटरीच्या मायनसपासून वेगळा होतो, म्हणजे त्याच बॅटरीवर दुसरं काही जोडून दोघांत सिग्नल पाठवायचा असेल तर गोंधळ. मायनसच्या बाजूला एन चॅनल मॉसफेट टाकायचाही प्रकार आहे, तो स्वस्त आणि जास्त चांगला उघडतो, पण यूएसबी केबलमधून ग्राउंडला दुसरी वाट मिळाली की करंट मॉसफेटला वळसा घालून जातो. प्रोटोटाइपिंग बोर्डवर यूएसबी सतत लावलेली असते, त्यामुळे मी याच्या नादाला लागणार नाही.

आता एक गोष्ट जी हे सगळं करूनही उरते. बोर्डच्या तोंडाशी प्रोटेक्शन लावलं म्हणून बोर्डला जोडलेली मॉड्यूल सुरक्षित होत नाहीत. ओलेडचे व्हीसीसी-ग्राउंड उलटे लावले तर सप्लाय सुलटच आहे, मॉसफेटला कळणार कसं? सेन्सरसारखं कमी करंट खाणारं नवीन मॉड्यूल पहिल्यांदा जोडताना त्याच्या व्हीसीसीला सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाका, उलटं असलं तरी ५ व्होल्टला चाळीस-पंचेचाळीस मिलिअँपिअरच्या वर करंट जात नाही, बहुतेक मॉड्यूल तेवढं झेलतात. चालतंय दिसलं की रेझिस्टर काढा. स्वतःचा पीसीबी किंवा झिरो बोर्ड बनवत असाल तर पॉवरला तीन पिनी कनेक्टर ठेवा, मधली पिन प्लस आणि दोन्ही कडेच्या ग्राउंड, मग कनेक्टर फिरवून लावला तरी सगळं तसंच राहतं.

टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूलबद्दल पण एक वाक्य, त्यावर बॅटरी प्रोटेक्शनची वेगळी चिप असली तरी ती सेल जास्त डिस्चार्ज होण्यापासून आणि शॉर्टपासून वाचवते, सेल उलटा खोचला तर स्वस्त मॉड्यूलवरची चार्जिंग चिप जाते, म्हणून १८६५० च्या होल्डरमध्ये सेल टाकण्याआधी प्लस-मायनस बघा आणि होल्डरच्या लाल-काळ्या वायरीवर विश्वास न ठेवता मल्टीमीटर लावून बघा.

प्रोटेक्शन लावल्यावर ते टेस्ट केल्याशिवाय सोडू नका, आणि टेस्ट करताना पुढे बोर्ड जोडू नका. सोर्सच्या बाजूला फक्त १ के चा रेझिस्टर ग्राउंडला लावा, मल्टीमीटर त्यावर. ९ व्होल्टच्या बॅटरीला सिरीजमध्ये ४७० ओहम लावून आधी सुलट जोडा, सहा-साडेसहा व्होल्ट दिसायला हवेत कारण थोडे त्या ४७० वर पडतात. मग बॅटरी उलटी करा. शून्य किंवा काही मिलिव्होल्ट दिसले तर काम झालं. उणे साडेपाच-सहाच्या आसपास आकडा दिसला तर ड्रेन-सोर्स फिरलेत, मॉसफेट काढून उलटा करून लावा आणि परत मोजा. टेस्टला एसआय२३०१ वापरत असाल तर ४७० काढून थेट ९ व्होल्ट देऊ नका, त्याचा गेट ८ च्या पुढचा नाहीये.